वाढत्या अंगाचा झगा

तिवरबेटावर माणसं हजारभर आणि हायस्कुलं दोन. बोरिवलीच्या धक्क्यावरून होडीनं वीस मिनिटं लागतात, मधे नुसती खाडी आणि तिवरं, आणि तरी दोन हायस्कुलं! एक पालिकेचं, मराठी, गावाच्या उंचवट्यावर, सरूबाईच्या दारापासून मोजून शंभर पावलांवर. दुसरं ट्रस्टचं, इंग्रजी, चारच वर्षांपूर्वी झालेलं. ते गावात नाही. ते धाकट्या बेटावर आहे, आणि गाव नि धाकटं बेट यांच्यामधे आहे मधली खाडी. ओहोटीला तिथं मांडीभर चिखल, भरतीला दोन पुरुष पाणी. ट्रस्टच्या शाळेची पोरं हरेश्वरच्या होडीतून जातात-येतात.

पालिकेच्या शाळेचे गणवेश सरूबाई शिवते. ट्रस्टच्या शाळेचे बोरिवलीच्या दुकानातून तयार येतात आणि ते नुसते बघितले तरी सरूबाईचं डोकं फिरतं. कारण काय, तर ते वाढत्या अंगाचे असतात.

आता वाढत्या अंगाचा कपडा म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. पोर आठवीत जातं, आई दहावीच्या मापाचा गणवेश घेते. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या कोपराखाली, आणि झग्याला खालून वीतभर दुमड. दरवर्षी थोडी सोडायची. तुम्ही घातलाय, मी घातलाय, त्यानं कुणी मेलेलं नाही. पण सरूबाईच्या हातचा असा कपडा तिवरबेटावर गेल्या एकतीस वर्षांत कुणी घातलेला नाही. ती मापात शिवते म्हणजे मापातच शिवते, बोटभर दुमड नाही. पोर वाढलं की पुढच्या जूनला कपडा घेऊन या, खाली पट्टी जोडून देईन, शिलाई घेणार नाही. बायका आधी भांडायच्या. मग गप्प झाल्या. कारण गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तिच्यासमोर कुणी बोलत नाही.

सरूबाईला टेपवरचे आकडे कळत नाहीत. शाळेची पायरी तिनं चढली ती थेट मापं घ्यायला. तिचा बाप जाळी विणायचा, त्याच्याकडून तिनं सूत आणि गाठ एवढंच शिकून घेतलं आणि त्यावर सगळा धंदा केला. प्रत्येक पोराची एक दोरी, जाळ्याच्या सुताची. खांद्याला एक गाठ, छातीला एक, कमरेला एक, उंचीला एक. दोरीच्या टोकाला त्या पोराच्या पहिल्या कपड्याची चिंधी बांधलेली, म्हणजे कुणाची कुठली ते कळतं. घराच्या मागच्या भिंतीला खिळे आणि खिळ्यांना या दोऱ्या. पोर वाढलं की उंचीच्या गाठीखाली नवी गाठ. जुनी सोडायची नाही, बापाचा नियम होता तो, मापाची गाठ सोडली की जाळं फसतं म्हणायचा. पोर दहावी झालं की दोरी त्याच्या घरी द्यायची. घरचे ती आपल्या जाळ्याच्या काठात विणून टाकतात.

कोपऱ्यातल्या शेवटच्या खिळ्यावर एक दोरी आहे. निळी चिंधी. ती एकतीस वर्षांत कुठल्या जाळ्यात गेली नाही. ती कल्पिताची, सरूबाईच्या पोरीची.

तेव्हा गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर बोरिवलीला, आणि बोरिवलीची लाँच लागायची धाकट्या बेटाला. म्हणजे सकाळी ओहोटी साधून मधली खाडी चिखलातून ओलांडायची, संध्याकाळी तशीच परत. आठवीला गावातून दोनच पोरं गेली, कल्पिता आणि आता होडी चालवतो तो हरेश्वर. सरूबाईनं पोरीला निळा झगा शिवला. कापड चांगलं, दाट विणीचं, तीन वर्षं टिकणारं, मग तीन वर्षं पुरायलाही हवं ना! म्हणून खाली वीतभर दुमड घातली आणि पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा धावदोरा मारला. दोरीवर कल्पिताच्या उंचीची गाठ होती, तिच्याखाली वीतभर सोडून सरूबाईनं आणखी एक गाठ मारली. ती कपड्याची. पोर इथवर वाढेल तोवर कपडा पुरेल, असा त्याचा अर्थ.

“दर जूनला दाण्याएवढं सोडायचं,” तिनं पोरीला सांगितलं होतं. “आणि दोरा तोडायचा नाय गो. एका टोकाशी धरून सलग ओढायचा, नि वरच्या बटनाला गुंडालून ठेवायचा. पुना कामाला येतो.”

कल्पिता डावखुरी होती. तिचे टाके उलटे पडायचे, गाठीही उलट्या पिळाच्या. आई चिडवायची आणि ती हसायची.

श्रावणातल्या उधाणाला, संध्याकाळी, हरेश्वर एकटाच दारात येऊन उभा राहिला. गळ्यापर्यंत चिखल. भरती लवकर चढली म्हणाला. आम्ही दोघं मधेच होतो. “तिचा झगा खालून सुटला, काकी. पायात आला. तिला पाय उचलेना.” कोळ्याची पोर, चालायला लागायच्या आधी पोहायला लागलेली, ती बुडाली कशी, हा प्रश्न मग कुणी विचारलाच नाही. ओल्या दाट कापडाची वीत, ती पायांत गुंडाळली गेली तर मासासुद्धा पोहणार नाही. तीन दिवस शोधलं. काही मिळालं नाही, झगाही नाही, चप्पलही नाही.

दोन वर्षांनी गावात हायस्कूल झालं. पोरीनं जीव देऊन शाळा आणली असं लोक म्हणतात. सरूबाई असं काही म्हणत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की ते कच्चे टाके माझ्या हातचे होते.

पण ही गोष्ट लोकांना माहीत असलेली झाली. माहीत नसलेली गोष्ट त्या दोरीची.

पोर गेली त्याच्या पुढच्या जूनला सरूबाईनं सगळ्या दोऱ्या काढून उन्हात टाकल्या. कल्पिताची हातात घेतली तर ती दमट. नाकाला लावली तर खाडीचा वास. आणि उंचीच्या गाठीखाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, एक नवी गाठ. सवयीनं आपणच मारली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मग नीट पाहिलं. पीळ उलटा होता.

पुढच्या जूनला दुसरी. त्याच्या पुढच्या जूनला तिसरी. कधी गाठीत चिखलाचा कण, कधी शेवाळाचा धागा. सरूबाईनं नवऱ्याला सांगितलं नाही, तो मरायला टेकला तरी नाही. मुलाला, नितेशला सांगितलं नाही. भगत नाही, देवरुषी नाही. भीती वाटायची, खोटं कशाला बोला, अंगावर काटा यायचा. पण मे संपत आला की तिचा डोळा त्या खिळ्याकडेच लागलेला असायचा. एखाद्या वर्षी गाठ आली नाही तर, याची भीती जास्त होती. पोर वाढतेय. पाण्यातली वाढ हळू, दाण्यादाण्यानं, पण वाढतेय. कुठल्या आईला नको असेल ते?

यंदाचा जून मात्र निराळा निघाला.

नातीवरून सुरुवात झाली. नितेशची अबोली, तेरा वर्षांची, सातवी पास. सरूबाईच्या डोक्यात कधी शंकाच नव्हती, पोर वरच्या शाळेत जाणार, शंभर पावलं चालून, मधल्या सुट्टीत घरी जेवायला येणार. सून सुलक्षणा बाजारातून आली आणि टोपली खाली ठेवायच्या आधी म्हणाली, “आई, अबोलीचं नाव ट्रस्टच्या शाळेत घातलंय. फॉर्म भरला, ॲडमिशन झाली.”

“खाडीपल्याड?”

“खाडीपल्याड म्हणजे काय, अमेरिकेला नाही पाठवत. होडीनं पाच मिनिटं.”

“वरची शाला काय वाईट हाय?”

“वाईट नाही. पण वर आता सतरा पोरं राहिलीत आई, सतरा. उद्या शाळाच बंद झाली तर? आणि इंग्रजीचं काय? मी सातवीला शाळा सोडली. गिऱ्हाईक समोर उभं राहून इंग्रजीत माझीच टिंगल करतं आणि मी मान डोलावते. माझ्या पोरीनं नाही डोलवायची.”

 सुलक्षणा पहाटे तीनला उठते, डोक्यावर टोपली घेऊन बोरिवली गाठते, संध्याकाळी येते. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.  मग सुलक्षणानं पिशवीतून गणवेश काढला. मरून रंगाचा झगा, पिनाफोर म्हणतात त्याला आता, त्यावर टाय. दोन नंबर मोठा. खाली वीतभर दुमड, कच्चे टाके.

“मना कातर दे,” सरूबाई म्हणाली.

“कातर नाही. हात लावायचा नाही त्याला. दहावीपर्यंत पुरवायचाय.”

“सुलक्षणा, मी पाया पडते तुज्या.”

सुलक्षणाचा चेहरा उतरला. तीही गावातच नांदते, तिलाही सगळं ठाऊक. पण ती म्हणाली, “आई, तुमचं दुःख मला कळतं. पण त्यासाठी किती पिढ्यांनी दरवर्षी कपड्याला पट्ट्या जोडत बसायचं? हरेश्वरभाऊंची होडी आहे, मशीन आहे, फळीवरून उतरायचं. चिखलात पाय पण लागत नाही.” आणि झगा हँगरला लावून तिनं दाराच्या मागे टांगला.

त्याच दुपारी सरूबाईनं दोऱ्या काढल्या. कल्पिताची दोरी यंदा दमट नव्हती, ओली होती. पिळली असती तर पाणी गळलं असतं. तिनं बोटं फिरवत गाठी मोजल्या, खांदा, छाती, कंबर, उंची, आणि खाली दाण्यादाण्यावर तीस. एकतिसावी नवी. बोट पुढं सरकवायला गेली तर पुढं जागाच नव्हती. एकतिसावी गाठ कपड्याच्या गाठीला टेकली होती. वीत संपली होती.

सरूबाई ओट्यावरच बसली. “पुरला का गो?” ती दोरीला म्हणाली. “संपला?”

आणि मग दुसरा विचार आला, आणि तो आला तशी ती उठून आत गेली. कपडा आखूड झाला की पोर काय करतं? आईकडे येतं. नवा मागतं.

दोन दिवसांनी सुलक्षणा अबोलीवर ओरडत होती. दारामागचा नवा झगा खालून ओला झाला होता. दुमडीत चिखल, काळा, खाडीचा. “नवा कोरा कपडा घालून कुठं उंडारलीस गं? शाळा सुरू व्हायची आहे अजून!”

“मी हात पण नाही लावला, आईशप्पथ!” अबोली रडकुंडीला आली. “आजीला विचार ना. मी घातलाच नाही!”

सरूबाईनं झगा हातात घेतला. खांद्यांवर, पुढच्या बाजूला, ओल्या बोटांचे ठसे होते. अंगात घातलेला नव्हता तो. कुणीतरी समोर धरून, खांद्याला खांदा लावून पाहिला होता, माझ्या मापाचा आहे का. डावा ठसा जास्त खोल होता.

तिनं सुनेला काही सांगितलं नाही. सांगून काय करणार, सून वेडी म्हणाली असती आणि वर झगा दुसरीकडे लपवला असता. लपवून हे टळणारं नव्हतं. पेटीच्या तळाशी त्या वेळच्या निळ्या कापडाचा उरलेला, आणखी एका झग्याला पुरेल एवढा तुकडा तिनं एकतीस वर्षं डांबरगोळ्या घालून जपला होता. का जपला, तेव्हा कळलं नव्हतं. तो काढला, मशीनला तेल घातलं आणि सकाळी नऊला बसली.

ओल्या दोरीवरून माप घेतलं. खांदा तोच, छाती तीच, चौदा वर्षांची. वाढली होती फक्त उंची. सरळ खाली, वीतभर. सरूबाई असं माप आयुष्यात पहिल्यांदा कापत होती. कापता कापता ती बोलत होती, भांडत होती म्हणा ना. “आता दुमड नाय घालणार हां. सांगून ठेवते. मापात शिवते. पुडच्या वर्साला आखूड झाला तर पुना ये, पुना शिवीन. मी हाय तवर शिवीन. पण त्या पोरीच्या कपड्याला हात लावायचा नाय. ती भाची हाय तुजी. कल्ला?” घरात कुणी नव्हतं. मशीन थांबवलं की मागच्या भिंतीवर दोऱ्या हलत होत्या, वारा नसताना.

दुपारी झगा झाला. इस्त्री करून घडी घालून ती हरेश्वरकडे गेली.

हरेश्वर आता पंचेचाळिशीचा. लग्न केलं नाही. गावात त्याला देवमाणूस म्हणतात. सरूबाईकडून त्यानं होडीचं भाडं आयुष्यात घेतलेलं नाही, पावसाळ्याआधी तिचं छप्पर न सांगता शाकारून जातो, बोंबिलांचा पहिला वाटा तिच्या घरी. शाळेची पोरं डोळ्यांत तेल घालून नेतो. एकच खोड. पोरांना तो हात देत नाही. होडी लागली की फळी टाकतो, बाजूला होतो आणि पाण्याकडे बघत उभा राहतो. पोरं आपली आपण उतरतात. एखादं घाबरून हात पुढं करतं, तर हा हात मागे बांधून घेतो.

“मधल्या खाडीत खुंटा हाय ना,” सरूबाई म्हणाली, “तिथं ने मना. अर्ध्या भरतीला.”

मधोमध एक जुना लाकडी खुंटा आहे, पूर्वी त्याला जाळी बांधायचे. त्याच्या आसपास कल्पिता गेली असं हरेश्वरनंच तेव्हा दाखवलं होतं. तो इतका वेळ जाळं शिवत होता, त्याचा हात थांबला.

“कशाला काकी?”

“पोरीला कपडा द्यायचा हाय.”

त्यानं तिच्या हातातल्या निळ्या घडीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. नाही म्हणाला असता, पण सरूबाईला नाही म्हणायची सवय त्याला नव्हती. गेले. खुंट्यापाशी होडी धरून तो सगळा वेळ पाठ करून उभा होता. सरूबाईनं झगा खुंट्याला दोरीनं बांधला. पाणी अगदी थिजल्यासारखं होतं. तिवरांत एरवी बगळे असतात, त्या दिवशी एक नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची. सुलक्षणा पहाटेच बाजारात गेली, जाताना पोरीचा मुका घेऊन, सासूला म्हणून गेली, “सोडून या तिला. आणि रडू नका तिच्यासमोर.” पोरांच्या होडीच्या आधी, एकटीला न्यायचं, असं सरूबाईनं हरेश्वरला बजावलं होतं. अबोली मरून झग्यात, टाय लावलेली, खांदे उतरलेले, दुमड घोट्यापर्यंत. चालताना दोन्ही हातांनी झगा उचलून धरत होती.

“आजी, मी भूत दिसतेय ना यात?”

“गप बस. चांगली दिसतंस.”

होडी निघाली. भरती अर्धी झालेली, आभाळ खाली आलेलं. सरूबाईचं लक्ष नातीच्या पायांकडे. टाके शाबूत आहेत ना, एवढंच ती बघत होती. खुंटा जवळ आला तसं हरेश्वरनं मशीन हळू केलं, कारण तिथं पाण्याला ओढ असते. आणि अबोली म्हणाली, “आजी, ते बघ. कुणाचे तरी कपडे राहिलेत तिथं.”

खुंट्यावर झगा होता. निळा. पण कालचा नाही. कालचा नवा, कडक इस्त्रीचा होता, हा विटलेला, पाण्यानं पातळ झालेला, नीट घडी घालून ठेवलेला.

“थांबव,” सरूबाई म्हणाली.

तिनं झगा मांडीवर घेतला. तिच्याच हातचा. कॉलर तिची, काज तिचे. तिनं खालची कड उलटून पाहिली. वीतभर दुमड पूर्ण सोडलेली होती, आणि त्या वितीच्या पट्टीवर एकाखाली एक, एकाखाली एक, घडीच्या रेषा होत्या. प्रत्येक रेषेवर टाक्यांची भोकं. दाण्यादाण्याच्या अंतरानं. शेवटच्या रेषेत अजून थोडा दोरा अडकलेला होता, जाळ्याच्या सुताचा, आणि टाके उलटे होते. दर जूनला दाण्याएवढं सोडायचं, असं सांगितलं होतं ना आईनं. पोरीनं तसंच केलं होतं. सरूबाईच्या डोळ्यांना धार लागली, तिला हसूही येत होतं. माझी गुणाची बाय, ती म्हणत होती, माझी शहाणी बाय.

मग तिचा हात वरच्या बटणावर गेला.

बटणाला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. तिनं तो उलगडला. लांबलचक, सलग, एका टोकाला तिची स्वतःची सुरुवातीची गाठ. तिच्या पहिल्या धावदोऱ्याचा तो दोरा, अख्खा. कुठं तुटलेला नाही, कुठं ताणलेला नाही. सावकाश बसून, एका टोकाशी धरून ओढून काढलेला.

सरूबाईनं तो दोरा बोटांतून पुन्हा एकदा ओढून पाहिला. पाण्यात पाय झाडणाऱ्या पोरीच्या पायात सुटलेल्या कपड्याचा दोरा असा असतो का? तो तुटतो. त्याचे तुकडे होतात. एकतीस वर्षं ती रोज झोपताना ते टाके तुटताना ऐकत होती, एकेक करून. ते तुटलेच नव्हते. त्या दिवशी दुमड सुटलीच नव्हती.

“हरेश्वर,” ती म्हणाली, “टाके सुटले नव्हते रे.”

 हरेश्वरनं दोरा पाहिला होता. त्यानं मशीन बंद केलं, आणि मग इतकी शांतता झाली की पाणी होडीला चाटतंय ते ऐकू यायला लागलं.

“मी चौदा वर्षांचा होतो, काकी,” शेवटी तो म्हणाला. आवाज मोठ्या माणसाचा नव्हता. “पाणी छातीला लागलं. तिचा पाय रुतला होता, नुसता पाय. तिनं माझा हात धरला. ती मला पण खाली घेऊन चालली होती. मी... मी तिची बोटं सोडवली. एकेक करून.”

अबोली एकदा आजीकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. तिला अर्धं कळलं, अर्धं नाही, पण ती झगा घट्ट धरून बसली.

सरूबाईला वाटलं, याला ढकलून द्यावं. खरंच वाटलं, हातही उठला. एकतीस वर्षं! एकतीस वर्षं गावातल्या पोरांना अंगाला घट्ट बसणारे कपडे घातले मी, तुझ्या एका वाक्यापायी! छप्पर शाकारतोस? बोंबील आणतोस? नवरा मरताना मला म्हणाला होता, दुमड घातली नसतीस तर. ते त्यानं सोबत नेलं. उठलेला हात तिनं मांडीवरच्या झग्यावर ठेवला. झगा अजून ओला होता.

“मशीन चालू कर,” ती म्हणाली. “पोरीला शालेला उशीर होतो.”

होडी धाकट्या बेटाला लागली. हरेश्वरनं फळी टाकली आणि सवयीप्रमाणे बाजूला होऊन पाण्याकडे तोंड केलं. अबोली उठली. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात झगा, फळी ओली, खाली पाणी वर चढत होतं.

“हरेश्वर,” सरूबाई म्हणाली. “हात दे तिला.”

तो हलला नाही.

“हात दे म्हणते मी.”

त्यानं हात पुढं केला. तो अर्ध्यावरच थांबला, तेव्हा अबोलीनंच तो पकडला. तीन पावलं. पोर वर चढली, हात सोडला, झगा झटकला आणि आजीला टाटा करून शाळेच्या पायऱ्यांकडे पळाली. मागे वळूनही पाहिलं नाही. ही आजकालची पोरं!

सरूबाई ती फाटकातून आत जाईपर्यंत बघत राहिली. मग तिनं मान वळवली. हरेश्वर अजून तसाच वाकलेला उभा होता, हात पाण्यावर पुढं केलेला. फळीवर कुणी नव्हतं. त्याच्या मनगटावरून पाणी निथळत होतं, आणि त्याची बोटं कुणीतरी घट्ट धरावीत तशी एकमेकांवर दाबली जाऊन पांढरी पडली होती.

“काकी,” तो म्हणाला, “सुटत नाय.”

सरूबाईनं पांढरा दोरा पुन्हा बटणाला गुंडाळला, झग्याची घडी घातली आणि मांडीवर नीट ठेवली.

“नको सोडवू,” ती म्हणाली.